शाळा सोडलेल्या कवीची शाळा

शुक्रवार, कोलकाता

गिरीश पार्क मेट्रो स्थानकातून बाहेर पडून आम्ही रवींद्र सरणीला लागलो. या रस्त्याचं जुनं नाव चित्पूर रोड. 'जात्रा' म्हणजे बंगालची फिरती नाटकं. त्या मंडळ्यांच्या कचेऱ्या इथेच आहेत, त्यामुळे भिंतीभिंतीवर भडक रंगांची पोस्टरं. हमाल आणि हातगाड्यांमधून वाट काढत द्वारकानाथ टागोर गल्लीत वळलं की मोकळं आवार लागतं आणि समोर लाल रंगाचा भलामोठा वाडा उभा राहतो. जोडासाँकोची ठाकुरबाडी, म्हणजे टागोरांचं घर, ते हेच. ७ मे १८६१ रोजी रवींद्रनाथ इथे जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी इथेच गेले.

मी साताऱ्याची. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात गेला. रवींद्रनाथांची कविता मी अनुवादांतून वाचली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल अधिकाराने काही बोलणार नाही. मला पाहायचे होते ते रवींद्रनाथ मास्तर. १९०१ पासून शेवटच्या श्वासापर्यंत, चाळीस वर्षं, या माणसाने शांतिनिकेतनला एक शाळा चालवली. तिच्यासाठी कर्ज काढलं, घर विकलं, म्हातारपणी गावोगाव हिंडून पैसे जमवले. त्यांच्या सगळ्या निर्मितीत सर्वांत जास्त आयुष्य खाल्लं ते या शाळेने, आणि आपण तिच्याबद्दल 'झाडाखाली वर्ग भरतात' एवढंच बोलून थांबतो, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे. सोबत भाची होती. ती चित्रकला शिकते. तिला तिथली चित्र-शिल्पाची शाखा, कलाभवन, बघायचं होतं.

आत चपला काढाव्या लागतात. गार फरशीवरून एकेक दालन बघत वरच्या लांब व्हरांड्यात आले आणि तिथेच रेंगाळले. छोट्या रवीला सांभाळायला नोकर असत. श्याम नावाचा नोकर त्याला एका जागी बसवून भोवती खडूने वर्तुळ काढी आणि रेषेबाहेर पाऊल टाकशील तर याद राख म्हणून बजावी. रामायणातल्या सीतेचं काय झालं ते ठाऊक असल्याने पोर निमूट बसे आणि खिडकीतून खालचं तळं, काठावरचा वड आणि आंघोळीला येणारी माणसं न्याहाळी. हे सगळं त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्याच आठवणींत एक खेळही आहे: व्हरांड्याच्या कठड्याचे लाकडी गज म्हणजे विद्यार्थी आणि रवी म्हणजे छडी घेतलेला मास्तर. काही गज हुशार, काही उनाड. उनाडांना एवढा मार बसे की त्यांचा रंगच उडाला. शाळेत जाऊन मूल सगळ्यांत आधी काय उचलतं, तर मास्तरचा राग. शिकवण्याचा विषय मागाहून येतो. मी हे माझ्या वर्गांत पाहिलेलं आहे, म्हणून त्या कठड्यापाशी मला पुढे सरकवेना.

ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकादमी, सेंट झेवियर्स अशा शाळा झाल्या, पण एकीतही ते टिकले नाहीत. नॉर्मल स्कूलमधल्या एका शिक्षकाची भाषा इतकी घाणेरडी होती की त्याच्या एकाही प्रश्नाला या मुलाने वर्षभर उत्तर दिलं नाही. मागच्या बाकावर तो गप्प बसून राहिला. वार्षिक परीक्षेत बंगालीत मात्र पहिला आला.

एका दालनात घरातल्या मंडळींची छायाचित्रं आहेत. त्यांत थोरले बंधू सत्येंद्रनाथ दिसले आणि मी भाचीला हाक मारली. आयसीएस झालेले हे पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते १८९७ साली निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी धाकट्या भावाला इंग्रजी रीतिभाती कळाव्यात म्हणून त्यांनीच त्याला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी हे डॉक्टर. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत राहून आलेली होती, तिने रवींद्रनाथांना इंग्रजी शिकवलं. कवीने तिला 'नलिनी' हे नाव दिलं आणि पुढे हे नाव त्यांच्या लिखाणात पुन्हापुन्हा येत राहिलं.

शेवटची खोली बघताना बोलणं सुचलं नाही. ३० जुलै १९४१ रोजी घरातच शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटची कविता सांगितली आणि दुसऱ्यांनी ती उतरवून घेतली.

शनिवार, बोलपूर

हावड्याहून दहाच्या सुमारास सुटणारी शांतिनिकेतन एक्सप्रेस अडीच-तीन तासांत बोलपूरला पोचवते. बर्धमान गेल्यावर भगव्या झब्ब्यातला एक बाउल, म्हणजे बंगालचा भटका लोकगायक, डब्यात चढला, एकतारी छेडत गायला आणि पैसे गोळा करून पुढच्या डब्यात गेला. गर्दीतही लोक सरकून त्याला जागा देत होते.

स्टेशनबाहेर 'टोटो' म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा उभ्याच असतात. शांतिनिकेतनकडे जाताना दोन्ही बाजूंची माती बघून मला कोकण आठवलं. जांभ्याचीच लाल जमीन, फक्त डोंगर नाहीत. पावसाने ती चिरत जाऊन तिच्यात घळी पडतात. त्यांना इथे 'खोआई' म्हणतात. फेब्रुवारी संपत आला होता, पळस फुलायला लागला होता.

संध्याकाळी सोनाझुरीच्या झाडीतला हाट पाहिला. पूर्वी तो फक्त शनिवारी भरे. आता आजूबाजूला रिसॉर्टं झाली आहेत आणि गर्दी दादर बाजाराइतकी. काथा टाक्याच्या साड्या सुरेख होत्या. संथाळ बायका मादलाच्या तालावर हात गुंफून नाचत होत्या आणि पर्यटक मध्येच घुसून फोटो काढून घेत होते. ते पाहून मला अवघडल्यासारखं झालं आणि आम्ही लवकर परतलो.

रविवार, आश्रम

आश्रमाच्या आतल्या भागात वाटेल तेव्हा फिरता येत नाही. वाटाड्यासोबत, ठरलेल्या वेळी जावं लागतं. आमच्या गटाचा वाटाड्या इथलाच माजी विद्यार्थी निघाला, त्यामुळे आमचं भाग्य उघडलं.

सुरुवात छातिमतलापासून. छातिम म्हणजे आपली सातवीण, सप्तपर्णी. रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ या माळावरून जात असताना इथल्या दोन छातिमांखाली ध्यानाला बसले. १८६३ साली त्यांनी रायपूरच्या जमीनदारांकडून वीस बिघे जमीन वर्षाला पाच रुपये खंडाने कायमची घेतली. घर बांधलं आणि त्याला शांतिनिकेतन नाव दिलं. ते नाव पुढे गावाला मिळालं. मुंज झाल्यावर, १८७३ साली, हिमालयात जाताना ते रवीला इथे घेऊन आले होते. खडूच्या रेषेतलं पोर पहिल्यांदा मोकळं हिंडलं ते याच माळावर. दुपारभर दगड गोळा करी आणि वडिलांना दाखवी. 'असले काय आणलेस' म्हणायचं सोडून वडील कौतुक करत. पुढे त्याच माळावर शाळा निघाली, याची जास्त कारणं शोधायची मला गरज वाटत नाही.

२२ डिसेंबर १९०१ रोजी पाच विद्यार्थ्यांवर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. पाचांत त्यांचा थोरला मुलगा रथींद्रनाथ होता. खर्चासाठी पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने दिले. पुरीचं घर विकलं गेलं. आणि मग माणसं जायला लागली. नोव्हेंबर १९०२ मध्ये मृणालिनीदेवी गेल्या. १९०३ साली मुलगी रेणुका. १९०४ साली सतीशचंद्र राय हा पंचविशीही न गाठलेला कवी-शिक्षक आश्रमातच देवीच्या आजाराने गेला आणि शाळा काही काळ पद्माकाठच्या शिलाइदहाला हलवावी लागली. १९०५ साली वडील. १९०७ साली धाकटा मुलगा शमी, मुंगेरला पटकीने. शमी या शाळेचाच विद्यार्थी. त्याच वर्षी त्याने मुलांना गोळा करून ऋतूंचा उत्सव केला होता, आजचा वसंतोत्सव त्यातूनच वाढला असं इथले लोक सांगतात. वाटाड्याने ही नावं भराभर सांगितली, कारण पर्यटकांना पुढे जायचं असतं. मला मात्र एकेका नावापाशी थांबावंसं वाटत होतं. ज्या वर्षांत कुणीही शाळेला कुलूप लावून घरी गेला असता, त्या वर्षांत हा माणूस मुलांना शिकवत होता, त्यांच्यासाठी नाटकं लिहीत होता आणि शिक्षकांचे पगार कसे भागवायचे याची चिंता करत होता.

आम्रकुंजात मोहोराचा वास भरून होता. झाडाखाली शिक्षकाला बसायला ओटा आणि समोर अर्धवर्तुळात मुलांच्या जागा. मुलं आपलं आसन घरून आणतात. शाळेचं नाव आता पाठभवन. एकदा बाहेरगावचे मुख्याध्यापक आले, तर एक मुलगा फांदीवर बसून अभ्यास करत होता. पाहुण्यांना ते रुचलं नाही. रवींद्रनाथ त्यांना म्हणाले, झाडाची फांदी की दिवाणखान्यातली खुर्ची, हे निवडायची सवड माणसाला लहानपणीच मिळते. ती मी का काढून घेऊ? छडी या शाळेत पहिल्यापासून नव्हती.

याच आम्रकुंजात २३ नोव्हेंबर १९१३ रोजी नोबेलच्या अभिनंदनाची सभा झाली. कोलकात्याहून खास रेल्वेगाडी करून बडी मंडळी आली होती. जे काल निंदा करत होते ते आज हार घेऊन आलेले पाहून रवींद्रनाथ इतकं कडू बोलले की पाहुणे दुखावून परतले. बक्षिसाची रक्कम त्यांनी पतिसरच्या आपल्या शेतकी बँकेत ठेवली. शेतकऱ्यांना स्वस्त कर्ज मिळावं आणि व्याज शाळेला यावं, ही योजना.

मग वाटाड्याने विचारलं, 'दीदी, तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? गांधी पुण्याह माहीत आहे?' दक्षिण आफ्रिकेतून आलेली गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाची मुलं सुरुवातीला इथेच राहिली होती. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी स्वतः गांधीजी आले. दोनच दिवसांनी पुण्यात गोखले गेले. ती बातमी गांधीजींना इथे कळली आणि ते पुण्याला निघाले. मार्चमध्ये परत आले तेव्हा त्यांनी मुलांना आणि शिक्षकांना सुचवलं की स्वयंपाक, झाडलोट, भांडी सगळं आपणच करू. त्या वेळी काका कालेलकर आश्रमात होते, आणि काकासाहेब जन्माने साताऱ्याचे! १० मार्चला प्रयोग सुरू झाला. फार दिवस टिकला नाही, पण आजही दर १० मार्चला, म्हणजे गांधी पुण्याहाच्या दिवशी, नोकरांना सुट्टी असते आणि विद्यार्थी-शिक्षक झाडू हातात घेतात. वाटाड्या म्हणाला, 'माझ्या वाट्याला एकदा मोरी आली होती.' हे सांगताना त्याचा चेहरा इतका खुलला होता की अशी परंपरा पुस्तकात ठेवून जगत नाही, हातांनी जगते, हे मला तिथेच पटलं.

कलाभवनाच्या आवारात भाचीने माझा हात सोडला. १९१९ साली ही शाखा सुरू झाली आणि नंदलाल बोस यांनी ती घडवली. रामकिंकर बैज यांचं 'संथाळ कुटुंब' हे १९३८ चं शिल्प उघड्यावर उभं आहे. बाप, आई, मुलं, कावडीतलं सामान आणि सोबत कुत्रा. ब्राँझ, संगमरवर परवडणारं नव्हतं म्हणून सिमेंट आणि इथलाच जांभ्याचा मुरूम वापरला. 'मावशी, हे इथल्या मातीतून वर आल्यासारखंच दिसतंय बघ,' ती म्हणाली आणि खाली बसून रेखाटायला लागली. हिंदी भवनात बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हतं, दुसरा अधू, आणि तरी कच्चा आराखडा न गिरवता सरळ ओल्या भिंतीवर रंगवलं. दहा वर्षांनी त्यांची दृष्टी पूर्ण गेली.

सोमवार, उत्तरायण

रवींद्रनाथांचं एका घरात मन रमत नसे. उत्तरायणच्या आवारात उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची अशी पाच घरं आहेत. त्यांतली श्यामली मला सर्वांत आवडली. भिंतीही मातीच्या आणि छपरही मातीचं, १९३५ साली बांधलेली. गवताची छपरं जळतात, मातीचं छप्पर टिकलं तर गरिबाला उपयोगी पडेल, असा विचार त्यामागे होता. बाहेरच्या भिंतींवर कलाभवनाच्या मंडळींनी मातीतच उठावाची चित्रं केली आहेत. १९४० साली गांधीजी आणि कस्तुरबा इथे उतरले होते.

संग्रहालयात हस्तलिखितं आहेत. खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत जाऊन त्यांचे पक्षी आणि विचित्र जनावरं झालेली दिसतात. साठी उलटल्यावर या खाडाखोडीतून त्यांची चित्रकला निघाली आणि १९३० साली पॅरिसमध्ये प्रदर्शनही झालं. नोबेलचं मूळ पदक २००४ साली इथून चोरीला गेलं, अजून सापडलेलं नाही. आता आहे ती प्रतिकृती. बहुतेक गर्दी त्या काचेपाशीच होती.

मी थांबले ती दौऱ्यांच्या छायाचित्रांपाशी. १९३६ साली, पंचाहत्तरीत, शाळेसाठी पैसे उभे करायला ते नृत्यनाट्याचा संच घेऊन उत्तर भारतात फिरत होते. दिल्लीत गांधीजींना ते बघवेना. त्यांनी साठ हजार रुपये मिळवून दिले आणि आता घरी जा म्हणून सांगितलं. ज्याचं नाव जगभर झालं त्या माणसाला आपल्या देशात शाळेसाठी असं दारोदार जावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

मंगळवार, श्रीनिकेतन

हॉटेलातल्या बाकीच्या पाहुण्यांपैकी कुणीच इकडे येत नव्हतं. शांतिनिकेतनपासून तीनेक किलोमीटरवर, सुरूल गावाशेजारी श्रीनिकेतन आहे. माझ्या मते रवींद्रनाथांच्या शिक्षणविचाराचा गाभा इथे आहे.

जमीनदारीची कामं पाहताना त्यांनी खेडी जवळून पाहिली होती. मुलाला त्यांनी बॅरिस्टर होण्यासाठी पाठवलं नाही. १९०६ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेती शिकायला पाठवलं. १९२२ च्या फेब्रुवारीत लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रजाला घेऊन इथे ग्रामपुनर्रचनेचं काम सुरू झालं. आसपासच्या गावांत मलेरिया, कर्ज, पडीक जमीन. गावकऱ्यांच्या सहकारी आरोग्य संस्था निघाल्या, विणकाम, मातीकाम, चामड्याचं काम शिकवलं गेलं. आज 'शांतिनिकेतनी' म्हणून उठावाच्या नक्षीच्या चामडी पिशव्या आपल्याकडे प्रदर्शनांत मिळतात, त्यांचं मूळ या कार्यशाळांत आहे. नांगरणीचा उत्सव, हलकर्षण, इथे सुरू झाला. नंदलाल बोसांनी त्याचं भित्तिचित्र केलं आहे.

आणि शिक्षासत्र. आश्रमाच्या शाळेत भद्रलोकांची, म्हणजे शिकल्यासवरल्या सुखवस्तू घरांतली, मुलं येत आणि त्यांच्या आईबापांना परीक्षा हवी असे. रवींद्रनाथांना ही ओढाताण बोचत होती. म्हणून १९२४ साली त्यांनी परीक्षेच्या धाकाबाहेर, खेड्यातल्या गरीब मुलांसाठी दुसरी शाळा काढली. तिथे बागकाम, विणकाम, स्वयंपाक आणि हिशेब हेच पाठ्यपुस्तक. उपक्रमशील शिक्षण, कृतीतून शिक्षण असे शब्द मी सेवेतल्या प्रशिक्षणांत शेकडो वेळा ऐकले. दर वेळी ते कुठून तरी नवीन आल्यासारखे सांगितले जात. शंभर वर्षांपूर्वी बीरभूमच्या एका गावात हे चाललं होतं, एवढं जरी कुणी तेव्हा सांगितलं असतं तरी आम्हा शिक्षकांना बळ आलं असतं.

एका कार्यशाळेत विद्यार्थी हातमागावर बसले होते. शिकवणाऱ्या बाईंनी मला जवळ बोलावून धोटा फेकायला दिला, चुकलेला धागा उलगडून दाखवला. मागच्या गल्लीत चहा मातीच्या भांडात मिळाला, सोबत खजुराच्या गुळाची 'संदेश' ही मिठाई, हंगामातली शेवटची. थंडी संपली की हा गूळ संपतो.

बुधवार, परत

इथे साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. ब्राह्मो समाजाच्या प्रार्थनेचा वार बुधवार, म्हणून तीच सुट्टी. सकाळी उपासनामंदिरापाशी गेलो. १८९१ सालचं हे मंदिर लोखंडी चौकटी आणि रंगीत काचांचं, आत मूर्ती नाही. पांढऱ्या वेषातल्या मुलामुलींनी गाणं सुरू केलं, तेव्हा आम्ही कुंपणाबाहेर उभ्या राहून ऐकत होतो. आवाज तालीम केलेले वाटत नव्हते, रोजच्या सवयीचे वाटत होते, आणि मला तेच भावलं.

कुंपणाबद्दल मात्र लिहायलाच हवं. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. जपणूक हवी, गर्दी आवरायला हवी, हे मला समजतं. पण पौष मेळ्याच्या मैदानाभोवती भिंत घालण्यावरून २०२० साली इथे मोठा गदारोळ झाला, आणि त्यातली गावकऱ्यांची बाजू मला जवळची वाटते. ज्या शाळेचं ब्रीद 'यत्र विश्वं भवत्येकनीडम्', म्हणजे जिथे सारं विश्व एकच घरटं होतं, असं आहे, तिला शेजारच्या गावासाठी फाटक लावताना दहा वेळा विचार करावा लागेल.

बोलपूर स्टेशनाला लागून गीतांजली संग्रहालय आहे. २५ जुलै १९४१ रोजी ज्या रेल्वे डब्यातून रवींद्रनाथांना कोलकात्याला नेलं, तो तिथे ठेवला आहे. त्याच्याजवळ उभी असताना मी भाचीला त्याच्या सुमारे दीड वर्ष आधीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी इथून निघताना रवींद्रनाथांनी त्यांच्या हाती एक पत्र दिलं. शाळा वाढून झालेल्या संस्थेचं नाव विश्वभारती. माझ्या आयुष्याची सर्वांत मोलाची ठेव वाहून नेणारं गलबत म्हणजे विश्वभारती, माझ्यामागे तिला सांभाळा, अशी त्यात विनवणी होती. गांधीजींनी पत्र मौलाना आझादांना दाखवलं. आझाद पुढे शिक्षणमंत्री झाले आणि १९५१ साली कायदा होऊन विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ बनलं. पहिले उपाचार्य, म्हणजे कुलगुरू, रथींद्रनाथ, म्हणजे पहिल्या पाच विद्यार्थ्यांतलाच एक.

रवींद्रनाथांच्या पुण्यतिथीला, बंगाली २२ श्रावणाला, आश्रमात झाडं लावतात. पदवी घेणाऱ्याला सप्तपर्णीची पानं देतात. हे ऐकल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. बर्धमानला तिने सीताभोग आणि मिहिदाना या तिथल्या मिठाया घेतल्या आणि मग म्हणाली, 'मावशी, मी कलाभवनात अर्ज करणार.' तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मुलगी इतक्या लांब पाठवायला तयार करायचं काम तिने माझ्याकडे दिलं आहे. हावडा येईपर्यंत आम्ही दोघी त्याचीच तयारी करत होतो.